पेशंटसमोर शांत, घरी मात्र नाही. इंद्रियदमन वाढतं तरी कसं?

रातपाळी_सिस्टर (सोलापूर)

सगळ्यांना जय ख्रिस्त.

मी जुळे सोलापुरात राहते, एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. वय ४३. जन्मापासून मंडळीत वाढले, संडे स्कूल शिकले, पुढे शिकवलं. हे आधी सांगते, कारण माझा प्रश्न नव्या विश्वासणाऱ्याचा नाही आणि म्हणूनच विचारायला लाज वाटते.

सासूबाईंना दोन वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. जुनं सगळं लख्ख आठवतं, पाच मिनिटांपूर्वीचं पुसलेलं असतं. दिवसभर त्यांचा एकच प्रश्न: "नळ आला का गं?" सोलापूरकरांना सांगायला नको, आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं. म्हणजे चार दिवस माझं उत्तर "नाही आला" आणि पाचव्या दिवशी "आला होता, भरलं सगळं." एका सकाळी मी मोजलं. सात ते नऊ या दोन तासांत ३१ वेळा.

तीन आठवड्यांपूर्वी गुरुवारी नाइट करून आले. त्या रात्री दोन पेशंट गंभीर होते, त्यातला एक पहाटे चारला गेला. साडेआठला घरी पोचले तर नळ सुटलेला. युनिफॉर्मवरच बॅरल, टाकी, बादल्या भरल्या. सगळं भरून नळ गेला आणि मागे वळून बघते तर सासूबाई भरलेली कळशी मोरीत ओतत होत्या. "शिळं पाणी ठेवू नये घरात," म्हणाल्या.

मी कळशी हिसकावली. त्यांचं मनगट धरून त्यांना मोरीतून बाहेर ओढलं आणि "किती वेळा सांगायचं तुम्हाला!" असं ओरडले की शेजारच्या काकू दारात आल्या.

संध्याकाळी त्यांच्या डोक्याला तेल लावताना मनगटावर चार बोटं निळी उमटलेली दिसली. म्हाताऱ्या माणसांची कातडी कागदासारखी असते, सलाइन लावताना मी रोज बघते. त्यांनीच हात पुढे करून विचारलं, "हे कसं झालं गं?" मी म्हणाले, "कुठंतरी लागलं असेल, आई." म्हणजे रागावर खोटंही चढवलं.

त्या रविवारी महिला मंडळात माझा पाठ होता, पौलाच्या गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय, आत्म्याचं फळ, म्हणजे पवित्र आत्मा माणसात वाढवतो ते गुण. सहनशीलता आणि इंद्रियदमन मी शिकवायचं होतं. ताप आहे असं कळवून घरी बसले.

हॉस्पिटलात नातेवाईक काय काय बोलतात, अंगावर येतात, तरी माझा आवाज चढत नाही. घरी चढतो. मग तिथली शांतता ढोंग आहे का? दुसरं म्हणजे, पौल याला फळ म्हणतो आणि पेत्र त्याच्या दुसऱ्या पत्रात म्हणतो की प्रयत्न करून विश्वासात सात्त्विकतेची, ज्ञानात इंद्रियदमनाची, इंद्रियदमनात धीराची भर घाला. फळ असेल तर मी वाट बघायची की प्रयत्न करायचा? बारा वर्षं हीच प्रार्थना करते आहे. आणि आमच्या मंडळीत एक बाई नेहमी सांगतात, "देवाकडे धीर मागू नये, मागितला की तो संकट पाठवतो." मला आता खरंच भीती वाटते की मीच हे ओढवून घेतलं.

उपदेश करू नका असं म्हणत नाही, जरूर करा. पण तुम्ही स्वतः काय केलंत तेही सांगा.

---

काळी_माती

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. धीर तुम्ही बारा वर्षं मागताय, आजार आला दोन वर्षांपूर्वी; मागितल्यामुळं आला असता तर मधली दहा वर्षं का थांबला असता? हिशेब लक्षात घ्या. देवावर हा आरोप ठेवू नका आणि स्वतःवर तर अजिबात नको.

मी मंगळवेढ्याकडचा. आमचं रान काळं, पीक मालदांडी ज्वारी. सगळा पावसाळा रान रिकामं ठेवतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, पडीक आहे. पण माझे वडील त्या रिकाम्या रानात कुळवाच्या पाळ्यांवर पाळ्या घालायचे. तण मारायचं, ओल मुरवायची. मग परतीच्या पावसावर पेरायचं, की पाऊस संपला. पुढचे चार महिने ते पीक जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर उभं राहतं. कणसात दाणा भरणं वडिलांच्या हातात कधीच नव्हतं. ओल मुरवणं होतं. त्यांनी पाळी चुकवली त्या वर्षी ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली.

याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात शेतकऱ्याचा दाखला आहे, पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघणारा. त्या देशात पहिला पाऊस पेरणीला लागतो आणि शेवटचा दाणा भरायला. आमच्याकडं तो शेवटचा येतच नाही, म्हणून मला वाटतं मंगळवेढ्याच्या माणसाला ते वचन जरा जास्तच कळतं. पौल आणि पेत्र एकाच रानाबद्दल बोलतात, ताई. एक कणसाबद्दल बोलतो, दुसरा कुळवाबद्दल.

---

चाकं_आणि_वचन

सिस्टर, मी ट्रक चालवतो, सोलापूर ते हैदराबाद. माझा अनुभव उपासाचा आहे.

१८ वर्षं तंबाखू खाल्ली. एका उपवासकाळात चाळीस दिवस सोडायची ठरवली. तंबाखू सुटली, पण पहिल्या दोन आठवड्यांत मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो. पोरगी माझ्यासमोर यायची बंद झाली. पाळकसाहेबांना अभिमानानं सांगायला गेलो की तंबाखू सोडली, तर त्यांनी यशयाचा ५८ वा अध्याय उघडून हातात दिला. लोक उपास करतात आणि त्याच दिवशी भांडतात, ठोसे मारतात, असा उपास मला नको, असं देव तिथं म्हणतो. त्या दिवशी मी गाडीत बसून रडलो.

मग तोंडाच्या उपासाला जिभेचा उपास जोडला. रात्री घरी पोचल्यावर पहिला अर्धा तास कुणाची चूक काढायची नाही, एवढंच. ते जमायला तंबाखूपेक्षा जास्त दिवस लागले. पण तंबाखूला "आत्ता नाही" म्हणायची सवय लागली होती, ती तिथं कामाला आली. तुम्ही लहानसं काहीतरी सोडून बघा. चहा म्हणा, मोबाइल म्हणा. एका ठिकाणी लगाम ओढता आला की हाताला त्याची ओळख होते.

---

निवृत्त_मास्तर

बाई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. तुम्ही ते मनगट लपवलं नाहीत, इथं मांडलंत. मी हे करायला अकरा वर्षं लावली, त्याबद्दल खाली लिहितो.

आधी शब्दांबद्दल थोडं, कारण मला वाटतं आपल्या मराठी शब्दानं तुमची थोडी फसगत केली आहे. "इंद्रियदमन" म्हटलं की दमन आठवतं, काहीतरी दाबून ठेवायचं. दाबलेली वाफ कुकरसारखी कधीतरी सुटणारच. पौलाचा मूळ ग्रीक शब्द आहे एन्क्रातेया. त्यात "क्रातोस" म्हणजे सत्ता, आतली सत्ता. घर कुणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न. नीतिसूत्रांच्या २५ व्या अध्यायाच्या शेवटी म्हटलं आहे की ज्याचा स्वतःच्या आत्म्यावर ताबा नाही तो गावकुसू पडलेल्या गावासारखा. आपल्या भुईकोट किल्ल्याचा तट डोळ्यांपुढे आणा. तट आतल्या माणसांना चिरडायला बांधत नाहीत. कोण आत येणार आणि कोण बाहेर जाणार ते दारावर ठरावं, म्हणून बांधतात.

"सहनशीलता" हा शब्द आहे माक्रोथुमिया. माक्रोस म्हणजे लांब, थुमोस म्हणजे रागाची उसळी. उसळीला लांबचा रस्ता द्यायचा. आणि जुन्या करारात देवाला "मंदक्रोध" म्हटलं आहे, निर्गम ३४ मध्ये. तिथले इब्री, म्हणजे हिब्रू, शब्द शब्दशः घेतले तर अर्थ होतो "लांब नाकाचा." राग आला की नाकपुड्या फुलतात, श्वास तापतो, म्हणून त्या भाषेत नाक म्हणजेच राग. आपण नाही का म्हणत, याच्या नाकावर राग आहे? देवाचं नाक लांब आहे, बाई. राग तिथं पोचायला वेळ लागतो.

तिसरा शब्द धीर, हुपोमोने, म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणं. हातावर हात ठेवून बसणं त्यात येत नाही. आपली पुण्याची गाडी केडगाववरून जाते. तिथं पंडिता रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. जवळजवळ अठरा वर्षं त्या कामाखाली राहिल्या, १९२२ साली देह ठेवेपर्यंत.

आता ढोंगाचं. माझ्या मते ते ढोंग नाही, पण पुरेसंही नाही. हॉस्पिटलात तुमच्याकडे लगाम आहे, म्हणजे ताकद आहे. तिथं त्या ताकदीला युनिफॉर्मचा, वरिष्ठांचा, नोकरीचा टेकू आहे. घरी टेकू निघतो आणि आपण कशावर उभे आहोत ते कळतं. सासूबाई तुमची तक्रार कुणाकडे करणार? त्यांना तर आठवणारही नाही. जिथं कुणी जाब विचारणार नाही तिथं जो संयम राहतो, तो फक्त प्रेमातून येतो. पौलानं यादी प्रीतीपासून सुरू केली आहे आणि इंद्रियदमनाशी संपवली आहे. शिवाय देहाची कर्मं लिहिताना तो अनेकवचन वापरतो, फळ मात्र एकच म्हणतो. त्यातली एकच फोड वेगळी काढून मागायची सोय नाही. बारा वर्षं तुम्ही धीर मागितलात. सासूबाईंवरचं प्रेम मागितलंत का? हा प्रश्न टोचेल. मला कुणीतरी विचारला होता, तेव्हा मलाही टोचला.

आता माझं सांगतो. १९९८ साली मुलाच्या दहावीच्या वर्षी गणिताच्या एका उदाहरणावरून मी त्याला इतकं मारलं की त्याच्या कानातून रक्त आलं. मी शाळेत गणिताचा आवडता शिक्षक होतो. वर्गातल्या मुलांना कधी हात लावला नाही. त्यानंतर मी एक गोष्ट सुरू केली: राग आला की रात्री कॅलेंडरवर फक्त वेळ लिहायची. कारण नाही, वेळ. कारण लिहायला बसलं की आपण स्वतःची वकिली करतो. महिन्याभरानं बघितलं तर बहुतेक सगळ्या नोंदी संध्याकाळी सहा ते साडेसहा. शाळा, त्यावर शिकवणी, मग सायकलवरून घर. दारात पाय ठेवल्यावरचा पहिला अर्धा तास. तेव्हापासून मी घरी जाण्याआधी विजापूर रोडला कंबर तलावाच्या काठी वीस मिनिटं बसू लागलो. १४१ व्या स्तोत्रातली एकच ओळ मनात म्हणायचो, माझ्या तोंडावर पहारा ठेव. बाकी काही नाही. निवृत्त होईपर्यंत बसलो.

तुमचं कॅलेंडर मी इथूनच भरून देतो: नाइट संपल्यावर, सकाळी साडेआठ ते दहा. एलीया संदेष्ट्याचं आठवा, १ राजे १९. तो झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवानं त्याला तिथं उपदेश केला नाही. दूतानं उठवलं, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं. बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर. नाइटनंतर पाणी भरायचं काम दुसऱ्या कुणीतरी घ्यावं. यजमानांशी बोला आणि त्यांना मनगटाचं खरं सांगा.

आणि सासूबाईंची माफी मागा. त्या विसरतील म्हणून टाळू नका. मुलाची माफी मी अकरा वर्षांनी मागितली. त्यानं दिली, पण मधली अकरा वर्षं परत आली नाहीत.

---

रातपाळी_सिस्टर

मास्तर, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तो प्रेमाचा प्रश्न टोचला. नव्हतं मागितलं.

पण एक अडतं. "झोप घ्या, काम वाटून घ्या" हे मला पळवाटेसारखं वाटतं. पापाला थकवा म्हणायचं का? उद्या मी म्हणेन, नाइट होती म्हणून हात उचलला.

---

निवृत्त_मास्तर

नाही म्हणायचं. पापच म्हणा आणि कबूल करा. पण जिथं आपण घसरतो ती पायरी ओली आहे हे ठाऊक असून रोज तिच्यावरूनच जायचं आणि "प्रभू, सांभाळ" म्हणायचं, याला विश्वास म्हणू नका. मोशेचं बघा, गणना २० मध्ये, मरीबाच्या पाण्यापाशी. बहीण मिर्यम नुकतीच गेलेली, लोक पाण्यावरून भांडत होते. देवानं खडकाशी फक्त बोलायला सांगितलं होतं, पण त्याचा तोल गेला आणि त्यानं खडकावर काठी मारली. देवानं ते सोडून दिलं नाही. पण आपण वाचताना मिर्यमेच्या मरणाचं वाक्य वगळून वाचतो, ते त्याच अध्यायाच्या पहिल्या ओळीत आहे.

तुमच्याकडे त्या पहाटे चार वाजता एक माणूस गेला होता.

---

रातपाळी_सिस्टर (दोन महिन्यांनी)

पुन्हा लिहिते आहे, कारण विचारून गायब होणं बरं नाही.

यजमानांना मनगटाचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, उठून गॅलरीत गेले. रात्री एवढंच म्हणाले, "पाणी इथून पुढं मी भरतो." नाइटनंतर मी आता बारापर्यंत आतल्या खोलीत झोपते, दार लावून. सुरुवातीला तो स्वार्थ वाटला.

मग नणंदबाई बार्शीहून आठवड्यासाठी आल्या. त्यांनी जे सांगितलं ते सोळा वर्षांच्या संसारात मला माहीत नव्हतं. सासूबाई १९७२ च्या दुष्काळात नव्या नवऱ्या होत्या. दिवसा खडी फोडायच्या कामावर जायच्या आणि पहाटे तीनला विहिरीवर. विहीर तळाला गेलेली, खाली उतरून वाटीनं कळशी भरायची. पाणी कमी आलं की त्यांच्या सासूबाई दारातच बोलायच्या, कधी हातही उचलायच्या. "पाणी आलं का गं?" हा प्रश्न त्यांचा नव्हेच, त्यांना विचारला जायचा तो. पन्नास वर्षं झाली, बाकी सगळं पुसलं आणि हे राहिलं. आणि मी त्याच दारात, त्याच पाण्यावरून, त्यांचं मनगट धरलं.

नर्स असून मी दोन वर्षं प्रश्नाला उत्तर देत बसले. नळ आला, नळ नाही आला. आता एक पितळी कळशी त्यांच्या कॉटजवळ स्टुलावर ठेवते, काठोकाठ भरून. विचारलं की हात धरून तिच्यापाशी नेते. "हे बघा आई, तुमची कळशी." त्या बोटं बुडवतात, ओला हात कपाळाला लावतात आणि गप्प होतात. कधी दहा मिनिटं, कधी तासभर. रोज ती कळशी एकदा तरी ओतली जाते, मोरीत किंवा फरशीवर. मी फडकं जवळच ठेवते.

उत्तर देण्याआधी एक श्वास नाकातून सावकाश सोडते. लांब नाक, मास्तर. त्या श्वासात "प्रभू, यांच्यावर प्रेम दे" एवढंच. चहा सोडून बघितला, ड्रायव्हरभाऊ, पण नाइटला डोकं दुखू लागलं, म्हणून आता मोबाइल सोडला आहे, सकाळचा.

माफी मागितली. त्या म्हणाल्या, "कशाची?" मी सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, माझ्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, "जेवलीस का?" पाच मिनिटांनी पुन्हा नळाचं विचारलं.

राहिलेला पाठ गेल्या महिन्यात घेतला. मनगटाचं सांगितलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, आता मला कुणी शिकवू देणार नाही. सगळ्या गेल्यावर एक ताई चपला घालता घालता थांबल्या आणि म्हणाल्या, "माझ्या पोराच्या पाठीवर आहेत तसे." आता आम्ही दोघी रोज रात्री नऊला फोन करतो. आज किती वाजता झालं, एवढंच एकमेकींना विचारतो.

परवा मी पुन्हा ओरडले. हात उचलला नाही, पण ओरडले. कॅलेंडरवर ९.१० लिहिलं आहे.

निळा डाग केव्हाच गेला, माझी नजर मात्र अजून त्या मनगटावर जाते. थांबते आता, नऊ वाजत आले, त्या ताईंचा फोन येईल.